सांगलीची तुरुंगफोडी

सांगलीची तुरुंगफोडी : (२४ जुलै १९४३). दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनातील भूमिगत क्रांतिकारकांनी सांगली संस्थानच्या तुरुंगातून सुटण्यासाठी केलेला सशस्त्र उठाव. पटवर्धनांच्या या संस्थानाचा तुरुंग गणेशदुर्ग या भुईकोट किल्ल्यात होता. किल्ल्यास तट व खंदक असल्याने बाहेरून हल्ला चढविणे दुष्कर होते. तो आतूनच झाला. तेथे बंदिवान असलेल्या वसंतदादा पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी भरदिवसा पहारेकऱ्यांवर झडप घालून त्यांच्या बंदुका हस्तगत केल्या आणि तटावरून खंदकात उड्या टाकल्या. वस्तुतः खरी कसोटी तटाबाहेरच होती. कारण मागे सशस्त्र पोलीस व पुढे पावसाळ्यातील कृष्णा नदी. या पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे हुतात्मे झाले. वसंतदादा खांद्याला गोळी लागून जखमी झाले व पुन्हा पकडले गेले. केवळ सुटकेच्या दृष्टीने पाहता हा प्रयत्न फसला, असेच म्हणावे लागते. वसंतदादांची मुक्तता १९४६ मध्ये झाली. १९७७ मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.