चौकट : बोलीतून कोशात

सतराव्या शतकात शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविले. तथापि नरखेड तालुक्यातील संत्र्याचा बागाईतदार आजही तहसील कचेरीत दस्तऐवज आणि वसुलीच्याच गोष्टी बोलतो, आणि पावसाळ्याच्या तोंडी झाड फुलले म्हणजे संस्कृत मृगाशी फारसी बहाराची सोयरीक जुळवून 'मृग बहार' म्हणतो, यात त्याला यत्किंचितही विसंगती भासत नाही. १८३१ साली मोल्सवर्थने, व पुढे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने, असले शब्द त्यांचे परके मूळ दाखवून सन्मानाने दाखल करून घेतले.

आंग्लभाषेत हल्ली हेच चालले आहे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाने मार्च २०११ मध्ये 'ओएमजी' व 'एलओएल' ही महाजालावर रूढ झालेली लघुरूपे स्वीकारली. पैकी पहिले, म्हणजे 'ओह माय गॉड'चा संक्षेप, मुळात महाजालाचे अपत्यच नव्हे, कारण १९१७ साली ॲडमिरल फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना धाडलेल्या पत्रात तो आढळतो! २०१३ साली ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून गौरविलेल्या 'सेल्फी'ला तर मराठीने कोशकारांची मंजुरी न विचारताच स्त्रीलिंग बहाल केले आणि 'काढणे' हे क्रियापद जोडून दिले.