सम्राटाचे थडगे, बाळाचे मडके

शिआनला जाणारे बहुतेक प्रवासी मातीचे सैनिक पाहायला जातात. आम्ही उभयताही त्यासाठीच गेलो होतो. या शहराचे जुने नाव चांगआन. तेरा राजवंशांची ही राजधानी, असे शिआनकर अभिमानाने सांगतात. पहिल्या संध्याकाळी मिंग काळातल्या तटावर चढलो. जवळजवळ चौदा किलोमीटरचा हा तट इतका रुंद आहे, की त्यावर भाड्याच्या सायकली फिरतात.

दुसऱ्या दिवशी शहरापासून तासाभराच्या अंतरावर लिंतोंगला गेलो. १९७४ साली येथे विहीर खणताना शेतकऱ्यांच्या कुदळीला मातीच्या पुतळ्याचे तुकडे लागले, आणि जमिनीखालून फौजच निघाली. पहिला खड्डाच २३० मीटर लांब! एकूण पुतळे ८,००० च्या आसपास असावेत, असा अंदाज आहे. प्रत्येकाचा चेहरा निराळा. मुळात हे सारे रंगवलेले होते. पण उघड्या हवेत येताच रंगाखालचा लाखेचा थर सुकून पापुद्रे सुटले आणि रंग गेला.

ही फौज ज्याच्या राखणीला ठेवली, तो सम्राट चिन शी हुआंग. इ.स.पूर्व २२१ मध्ये त्याने सारा चीन एका छत्राखाली आणला आणि इ.स.पूर्व २१० मध्ये तो वारला. त्याचे थडगे जवळच्याच टेकाडाखाली आहे. थडग्यात पाऱ्याच्या नद्या वाहवल्या होत्या, चोरांसाठी आपोआप सुटणारे बाण बसवले होते आणि गुपित फुटू नये म्हणून कारागिरांनाही आत कोंडून दार लावले, असे सिमा चिआन या इतिहासकाराने शंभरेक वर्षांनी लिहून ठेवले. त्या टेकाडाच्या मातीत खरोखरच पाऱ्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. थडगे मात्र अजून कोणी उघडलेले नाही. रंगांचे जे झाले, ते आतल्या वस्तूंचे होऊ नये, ही भीती.

तिसऱ्या दिवशी युआन श्वांगच्या ग्रंथांसाठी ६५२ साली उभारलेला पॅगोडा पाहिला. पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेलेला हा भिक्षू आपल्याला शाळेपासून ओळखीचा. पण शिआनमध्ये खरे आपलेपण वाटले ते त्यानंतर, शहराच्या पूर्वेकडच्या बानपोला.

बानपो हे सहा हजार वर्षांपूर्वीचे खेडे. १९५३ मध्ये ते सापडले. घरांच्या जागा, चुली, धान्याची पेवे आणि भोवती खंदक. मोठी माणसे खंदकाबाहेर पुरलेली. लहान मुले मात्र मडक्यात ठेवून घरांजवळच. मडक्यावर पालथा वाडगा, आणि काही वाडग्यांच्या बुडाला लहानसे भोक.

"हे कशाला?" पत्नीने विचारले.

"बाळाच्या आत्म्याला ये-जा करता यावी म्हणून असावे, असे अभ्यासक मानतात," वाट दाखवणारी मुलगी म्हणाली.

मला एकदम इनामगाव आठवले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची अशीच बाळे सापडली होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली. या दोन गावांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. मूल गेले तरी ते घराजवळच असावे, हे मात्र दोन्हीकडे वाटले.

आणि मग आजी आठवली. तिला सात मुले झाली, चार जगली. परसातल्या चाफ्याभोवती ती कुणाला कुदळ मारू देत नसे. आम्ही नातवंडे तिला हट्टी म्हणत असू. त्यामागचे कारण ती गेल्यावर आईने सांगितले.

सम्राटाने कोणी आत येऊ नये म्हणून फौज उभी केली आणि दारे बुजवली. बानपोच्या आईने भोक ठेवले. आम्ही त्या मडक्यापाशी बराच वेळ थांबलो. बाहेर आल्यावर पत्नी म्हणाली, "घर विकायचा विषय निघाला आहे ना? चाफ्याचे काय करायचे, ते आधी ठरवा."