बीकरमध्ये वाढणारा थर

अवरक्त प्रकाश टिपणारी साधने म्हटली की महागडी निर्वात यंत्रे डोळ्यांसमोर येतात. सोलापुरात मात्र अर्धवाहकांचे पातळ थर काचेच्या बीकरमध्ये वाढवले गेले. सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. त्याआधी इथे शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते आणि भौतिकशास्त्र विभागातल्या पातळ थर व सौर अभ्यास प्रयोगशाळेचे शोधनिबंध तेव्हापासून प्रसिद्ध होत आले.

पद्धत साधी, पण संयमाची. कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया घातला की तो कॅडमियमला बांधून ठेवतो. त्यातच घातलेल्या थायोयुरियातून सल्फाइड हळूहळू सुटते. द्रावणात फिरत्या ठेवलेल्या काचपट्टीवर पिवळा थर चढतो. घाई झाली तर सगळा गाळ तळाशी बसतो आणि काच कोरी राहते.

कोणता प्रकाश शोषायचा, हे थराच्या घटकांवर ठरते. कॅडमियम सल्फाइड सुमारे ५१० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषते, कॅडमियम सेलेनाइड सुमारे ७३० पर्यंतचा. त्यात पारा मिसळत गेले की ही सीमा अवरक्ताकडे सरकते. सोलापूरच्या प्रयोगशाळेने असे पारामिश्रित थरही वाढवून तपासले.

मात्र थर फारच पातळ केला, तर शोषण होण्याआधीच बराचसा प्रकाश आरपार निघून जातो. इथे सोन्याचे नॅनोकण मदतीला येतात. प्रकाश पडताच त्यांतले इलेक्ट्रॉन एकसाथ हेलकावतात आणि कणाच्या अगदी लगत विद्युतक्षेत्र कित्येक पट तीव्र होते. त्या जागी असलेला थर जास्त प्रकाश शोषतो. सोन्याचा गोल कण ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रतिसाद देतो. तोच कांडीसारखा लांबट केला की प्रतिसाद अवरक्तात जातो. सोने स्वतःही थोडा प्रकाश गिळून त्याची उष्णता करते, म्हणून कणांचा आकार आणि थरापासूनचे अंतर नेमके साधावे लागते.

एवढा खटाटोप का करायचा? पारा आणि कॅडमियम दोन्ही विषारी आहेत. थर जितका पातळ, तितके ते कमी लागतात. शिवाय सोन्याच्या नॅनोकांड्याही द्रावणातच, तापमान आणि प्रमाण सांभाळून वाढवता येतात. म्हणजे बीकरवर बसलेला हात इथेही कामाचा आहे. कमी विष वापरून जास्त प्रकाश टिपण्याचे हे संशोधन जिल्ह्याच्या विद्यापीठांच्या आवाक्यातले आहे, आणि त्यांनी ते हक्काने हाती घ्यावे.