भंगारात निघालेलं सरकारचं यंत्र

देवळाली कॅम्पातून लॅम रोडने नाशिकरोडला निघालं की बिटको चौकापर्यंत प्रेसची एखादी तरी गोष्ट कानावर येते. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढं सांगितलं की इथे सोयरीक पुढे सरकत असे. इंडिया सिक्युरिटी प्रेस म्हणजे 1920च्या दशकापासून सरकारी विश्वासाचा कारखाना. स्टॅम्पपेपर इथलाच. उजेडात धरला की जलचिन्ह दिसायचं आणि खरेदीखत करणारा शेतकरी निश्चिंत व्हायचा.

तो विश्वास विकत घेतला अब्दुल करीम तेलगीने. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा हा माणूस लहानपणी रेल्वेत फळं विकायचा. फसवणुकीच्या गुन्ह्यात आधी अटक झालेली असूनही 1994मध्ये त्याला मुंबईत मुद्रांक विक्रीचा परवाना मिळाला. माझ्या मते नकली स्टॅम्पपेपरच्या घोटाळ्याची सुरुवात इथेच झाली. छपाई नंतरची. पुढे प्रेसमधली, मोडून टाकायची जुनी यंत्रं भंगार म्हणून त्याच्या हाती लागली. आतली माणसं फितूर असल्याशिवाय हे होत नाही. बाजारात स्टॅम्पपेपरची टंचाई असायची आणि ती वाढवलीही जायची. मग त्याने नेमलेले सुशिक्षित एजंट बँका, विमा कंपन्या, दलाल पेढ्यांना गठ्ठेच्या गठ्ठे पोचवायचे. घेणाऱ्यांपैकी किती जणांनी कागद उजेडात धरून पाहिला?

नोव्हेंबर 2001मध्ये तो अजमेरला पकडला गेला. 2002मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला. पण महाराष्ट्र हादरला तो अण्णा हजारे न्यायालयात गेल्यावर आणि विशेष तपास पथकाने पोलीस खात्यातच हात घातल्यावर. 2003मध्ये धुळ्याचे आमदार अनिल गोटे, आंध्रचे आमदार कृष्णा यादव यांना अटक झाली. मुंबईचे पोलीस आयुक्त रणजित शर्मा यांना तर निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी पकडलं. पुढे न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. डिसेंबर 2003मध्ये गृहखातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री, आमच्या नाशिकचे छगन भुजबळ यांनी राजीनामा दिला. कारण सांगितलं गेलं ते वृत्तवाहिनीच्या कार्यालयावरील हल्ल्याचं. तेलगी प्रकरणात त्यांच्यावर आरोपपत्र झालं नाही. 2004मध्ये तपास सीबीआयकडे गेला.

घोटाळ्याचे आकडे 30 हजार कोटींपर्यंत फुगवले गेले. 2007मध्ये तेलगीला 13 वर्षं सक्तमजुरी आणि 202 कोटींचा दंड झाला. ऑक्टोबर 2017मध्ये तो बंगळुरूत कैदी म्हणूनच वारला. रेल्वेतून नेल्या जाणाऱ्या मुद्रांकांच्या चोरीचा खटला मात्र नाशिकच्या सत्र न्यायालयात चालूच होता. 2018च्या अखेरीला सबळ पुराव्याअभावी सगळे आरोपी निर्दोष सुटले, त्यांत मेलेला तेलगीही.

2023मध्ये त्याच्यावर वेबमालिका आली आणि घराघरांत पुन्हा त्याचंच नाव झालं. याचाच मला राग येतो. एका तेलगीवर सगळं ढकललं की परवान्याची शिफारस करणारे, भंगाराच्या लिलावावर सह्या करणारे, गठ्ठे विकत घेणारे आपोआप सुटतात. प्रेस 2006मध्ये महामंडळाकडे गेला, ई-स्टॅम्पिंग आलं, आता तिथल्या पासपोर्टचं कौतुक होतं. ते असो. पण परवान्याच्या आणि त्या यंत्रांच्या लिलावाच्या फायलींवर कोणाकोणाचे शेरे होते, ते सरकारने आज तरी लोकांसमोर ठेवावं. ज्या हजारो कामगारांनी प्रेसमध्ये आयुष्यभर प्रामाणिकपणे काम केलं आणि ज्यांच्याकडे त्या वर्षांत संशयाने पाहिलं गेलं, त्यांना ते कळायलाच हवं.