घरखर्चाचे गणित (९) : सूट नेमकी कशावर?

वेष्टणावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा, म्हणजे एमआरपीपेक्षा, जास्त पैसे घेणे हा गुन्हा आहे. ती किती छापावी यावर मात्र, काही औषधांसारखे अपवाद सोडले, तर बंधन नाही. तो आकडा उत्पादकच ठरवतो. त्यामुळे आठशेला विकायच्या कुर्त्यावर दोन हजार छापले, की ‘६० टक्के सूट’ची पाटी आपोआप तयार होते. दोन हजार रुपये मोजून तो कुर्ता आजवर कोणी घेतलेलाही नसतो.

तरीही खोडलेला आकडा आपले काम करतो. आधी डोळ्यांपुढे आलेल्या संख्येभोवतीच माणसाचा अंदाज घोटाळतो, हे अ‍ॅमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये मांडले. पुढे नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलर यांनी खरेदीतली दोन सुखे वेगळी काढली: एक वस्तू वापरण्याचे, दुसरे सौदा साधल्याचे. दुसरे सुख घडीही न मोडलेल्या साडीतूनही मिळते. सेलमधला बहुतेक फालतू खर्च इथेच होतो.

पाट्यांवरचे गणितही नीट वाचावे लागते. ‘५० टक्के + २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के. कारण दुसरी सूट उरलेल्या निम्म्या रकमेवर मिळते. ‘दोनवर एक फ्री’ ही सारख्या किमतीच्या वस्तूंवर ३३ टक्के सूट झाली, तीही तीन नग लागणार असतील तरच. ‘७० टक्क्यांपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ बारीक अक्षरांत असतो.

किराणा मालात मोठा पुडा स्वस्त, हा समज जुना आहे. समजा, धुण्याच्या पावडरीचा किलोचा पुडा १४० रुपयांना आणि अर्ध्या किलोचा ६५ ला आहे. दोन छोटे पुडे १३० रुपयांतच येतात. किलोमागचा किंवा ग्रॅममागचा दर आता वेष्टणावरच छापलेला असतो. पण ‘फ्री’च्या पिवळ्या पट्टीशेजारी तो शोधावा लागतो.

ऑनलाइन खरेदीत सापळा घरपोच शुल्काचा. ३८० रुपयांच्या सामानावर ४० रुपये वाचवायला, ४९९ ची मर्यादा गाठण्यासाठी, १२० रुपयांची नको असलेली वस्तू घेतली जाते. ८० रुपये जास्तच जातात. ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई करणे, न विचारता टोपलीत काही टाकणे, असे १३ प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ ठरवून त्यांवर बंदी घातली. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की असे काही अस्तित्वातच नसते. व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा सोडून दिलेल्या रोख सवलतीत दडलेले असते.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य सेलच्या पावतीवर हमखास असते. सदोष माल मात्र पावतीवर दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. घरी आल्यावर रंग आवडला नाही, यावर मात्र कायद्यात उपाय नाही.