उरलेले तेवीस तास

वाशिम जिल्ह्यातले मालेगाव, म्हणजे मालेगाव जहांगीर, हे अकोला–वाशिम रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी या तालुक्यात देशभरातून भाविक येतात आणि समृद्धी महामार्गही इथूनच जातो. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि सोयाबीन-तुरीच्या भावावर इथल्या घरांचे वर्ष ठरते. अशा एखाद्या घरात सेरेब्रल पाल्सी असलेले, फिट्स येणारे, न बोलणारे आणि रात्ररात्र जागणारे मूल असले, की आईवडिलांना त्याचा एकेक त्रास घेऊन वेगवेगळ्या दारी जावे लागते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वाशिम, फिट्सच्या औषधासाठी अकोला, मोठ्या तपासणीसाठी नागपूर, फिजिओथेरपी मिळेल तिथे. शाळेत घ्यायची वेळ आली की ‘याला फिट येते, आम्हाला जबाबदारी घेता येणार नाही’ हे उत्तर ठरलेले. अशी मुले अपवादाने जन्मतात असे समजण्याचे कारण नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ साली ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या वाढीशी निगडित अडचण असलेल्या मुलांपैकी जवळजवळ पाचात एका मुलाला एकाहून अधिक अडचणी असल्याचे त्यात दिसले. आपली व्यवस्था मात्र एका मुलाला एकच अडचण असते असे धरून आखलेली आहे.

या मुलांपैकी थोड्यांना, आणि तेही काही काळापुरते, घराबाहेरच्या पण घराजवळच्या अशा निवासी केंद्राची गरज असते, जिथे राहणे हाच उपचाराचा भाग असतो. अशा केंद्राचे खरे काम थेरपीच्या खोलीत फारसे होत नाही. १९६९ साली अमेरिकेत ट्रीशमन, व्हिटेकर आणि ब्रेंड्ट्रो या तिघांनी निवासी उपचारावर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘द अदर ट्वेंटी-थ्री अवर्स’ हे नाव दिले. तज्ज्ञाबरोबरचा एक तास सोडला तर मुलाच्या दिवसाचे तेवीस तास उरतात. उठणे, आंघोळ, जेवण, भांडण, झोप हे सगळे त्या तेवीस तासांत येते, आणि मूल सुधारते किंवा बिघडते ते तिथेच. हे एकदा मान्य केले की कोणतेही निवासी केंद्र जोखायचा निकष बदलतो. इमारत केवढी, यंत्रे कोणती, तज्ज्ञ किती, हे प्रश्न मागे जातात. त्या तेवीस तासांत मुलाजवळ कोण असते, त्या बाईला काय शिकवले आहे, तिच्याकडे किती मुले आहेत आणि ती किती वर्षे टिकते, हे आधी विचारावे लागते. सरकारी कागदावर तिचे पद ‘काळजीवाहक’, मुलांच्या तोंडी ‘मावशी’. महाराष्ट्रातल्या निवासी व्यवस्थेची सर्वांत कमकुवत बाजू हीच आहे, असे माझे म्हणणे आहे.

एका जेवणाचेच उदाहरण घेऊ. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना गिळणे अवघड जाते. अशा मुलाला आडवे ठेवून किंवा मान मागे टाकून भरवले तर अन्न श्वासनलिकेत उतरते, आणि घरी ‘छातीत कफ भरला’ म्हणून जो आजार सांगितला जातो तो बऱ्याचदा यातूनच आलेला असतो. मुलाला ताठ बसवायचे, पायाला आधार द्यायचा, हनुवटी किंचित खाली ठेवायची. भाकरी दुधात किंवा वरणात अशी कुस्करायची की ती पातळ वाहणार नाही आणि गोळाही होणार नाही, कारण पातळ पाण्याचा ठसका जास्त लवकर लागतो. चमचा जिभेच्या मधोमध ठेवून ओठ मिटेपर्यंत थांबायचे, घोट गिळला याची खात्री करायची आणि मगच पुढचा घास. एका मुलाला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. एका मावशीकडे दहा मुले असतील तर हे तिला घड्याळच करू देणार नाही. ती वाईट आहे म्हणून नव्हे, सकाळ तेवढी मोठी नसते म्हणून. आंघोळीचेही तसेच. न बोलणाऱ्या मुलाच्या हातात आधी टॉवेल दिला, रोज तोच टॉवेल, तर पुढे काय होणार हे त्याला कळते आणि अंगावर पाणी पडल्यावरचा आकांत काही आठवड्यांत कमी होऊ लागतो. मनगटाला चावणारे मूल ‘हट्टी’ ठरवण्याआधी त्याचा कान दुखतो का, दात किडला आहे का, पोट साफ होते का हे पाहावे लागते. ज्याला सांगता येत नाही ते मूल दुखणे अंगावर काढते किंवा अंगावरच उतरवते. फिट आली तर किती वाजता, किती मिनिटे आणि आधी काय चालले होते याची वहीत नोंद हवी, कारण डॉक्टर औषधाची मात्रा त्या नोंदीवरून ठरवतात. रात्रीची एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते. यातल्या कशालाही पदवी लागत नाही. शिकवणारे माणूस, वेळ आणि सावध नजर मात्र लागते.

आपल्याकडे हे क्षेत्र उभे राहिले ते आसरा आणि शाळा या दोन वाटांनी. मुंबईत १९२४ च्या बालक कायद्यानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि १९४१ साली तिने मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी गृह काढले. त्यात निराधार मुलांना छप्पर देण्याचा विचार मुख्य होता. १९४४ ची मुंबईची जय वकील शाळा, १९६४ ची पुण्याची कामायनी, १९७२ मध्ये मुंबईत सुरू झालेली स्पॅस्टिक्स सोसायटी यांनी दुसरी वाट घातली, शिक्षणाची. या संस्थांचे ऋण मोठे आहे. ही मुले शिकू शकतात हे मराठी समाजाला त्यांनी दाखवले नसते तर आजचा दिव्यांग हक्क कायदाही नसता. पण पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत ज्या अनुदानित निवासी विशेष शाळा निघाल्या, त्यांचा सांगाडा शाळेचाच राहिला. शिक्षकाची पात्रता, वेतनश्रेणी आणि पटसंख्या यांचे नियम काटेकोर, आणि संध्याकाळी पाचनंतरच्या आयुष्याचे नियम ढोबळ. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की मूल घरी. त्याला घरी कसे भरवायचे, रात्री कसे निजवायचे हे आईला दाखवून देण्याचे काम कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. वर्षभरात कमावलेले महिनाभरात विरते आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मुलांना संस्थेत ठेवणेच मुळात घातक आहे. या आक्षेपाला पुरावा आहे आणि तो टाळता येत नाही. रुमानियात बुखारेस्टमध्ये अनाथगृहांतल्या १३६ लहान मुलांवर या शतकाच्या सुरुवातीला एक अभ्यास सुरू झाला. निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत पाठवली गेली, बाकीच्यांना नेहमीचीच व्यवस्था मिळाली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडण्याची क्षमता सरस ठरली, आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना फायदा अधिक झाला. आपल्याकडचा अनुभव तर याहून भीषण आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या गृहात उपासमारीने मुले दगावल्याच्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. कळंबोलीच्या एका संस्थेतल्या मुलींवरील अत्याचारांबद्दल २०१३ मध्ये सत्र न्यायालयाला शिक्षा सुनावाव्या लागल्या. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणूनच कलम ९ मध्ये सांगतो, की अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला सक्षम न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईबापांपासून तोडता येणार नाही. आईबाप असमर्थ असतील तर आधी जवळचे नातेवाईक, मग समाजातलेच कुटुंबासारखे वातावरण, आणि निवारागृह अपवादात्मक परिस्थितीतच.

हा क्रम मला पूर्ण मान्य आहे. पण बुखारेस्टचा धडा नीट वाचला तर तो माझ्याच मुद्द्याकडे येतो. त्या मुलांचे नुकसान छपरामुळे झाले नाही. पाळ्यांमागून पाळ्या बदलणारे चेहरे, एका बाईकडे डझनभर मुले, रडले तरी कोणी न येणे, यामुळे ते झाले. आणि ‘मूल घरीच हवे’ हे वाक्य ज्या घराला उद्देशून म्हटले जाते त्या घरात काय चालले आहे हेही पाहावे लागेल. दोन वर्षे सलग न झोपलेली आई, मजुरी बुडाली तर चूल थंड, आणि शेतावर जाताना मुलाला खोलीत कोंडणे किंवा बाजेच्या पायाला बांधणे याशिवाय दुसरा इलाज नाही, अशी वेळ आलेल्या कुटुंबाला दोन-तीन महिने आधार मिळाला तर ते कुटुंब टिकते. आधार न मिळाल्यास मूल कायमचे दुरावण्याची शक्यता वाढते. मुदतीचा निवास कुटुंब वाचवण्यासाठी वापरता येतो, एवढीच माझी मागणी आहे. पण त्यासाठी प्रवेशाच्या दिवशीच घरी परतण्याची तारीख लिहिलेली असायला हवी, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत आई, वडील किंवा आजी यांनी तिथे येऊन राहायला हवे. निवासी उपचारातली प्रगती घरच्यांचा सहभाग नसेल तर ओसरते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुनःपुन्हा पुढे आले आहे.

इथेच दुसरा आक्षेप येतो. तज्ज्ञ मिळतात नागपूर-अमरावतीला, मग मालेगावसारख्या ठिकाणी केंद्राचा हट्ट का? तज्ज्ञ तिथे आहेत हे खरे. नागपूरला दिव्यांगांसाठीचे केंद्र सरकारचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे, अकोल्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वाशिमलाही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण तज्ज्ञाचा तो एक तास महिन्यातून दोनदा गाडीने येऊ शकतो, व्हिडिओवरूनही बराचसा होऊ शकतो. उरलेले तेवीस तास तसे आणता येत नाहीत. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत नागपूरला जाऊन पंधरा दिवस राहणे कोणत्या शेतमजूर आईला परवडेल? मालेगावातल्या केंद्रात ती संध्याकाळच्या एसटीने येईल, रात्रीचे जेवण स्वतः भरवेल आणि सकाळी कामावर जाईल. मावशीही त्याच पंचक्रोशीतली असेल, मुलाशी वऱ्हाडीत बोलेल. ज्या मुलाला मोजकेच शब्द कळतात त्याला ते ओळखीचे असणे फार मोलाचे आहे.

या भागात आदर्श म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते ते ठिकाण म्हणजे अचलपूर तालुक्यातले, परतवाड्याजवळचे वझ्झर. गाडगेबाबांना गुरू मानणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी तिथे अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने बालगृह चालवले. रेल्वे स्थानकांवर, कचराकुंड्यांत टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुले तिथे आली. १२३ मुलांना त्यांनी स्वतःचे आडनाव दिले, अनेकांची लग्ने लावली. तिथल्या एका अंध मुलीने लोकसेवा आयोगाची परीक्षा पार केली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना परतायला घरच नाही अशा मुलांबाबत मुदतीच्या निवासाची माझी मांडणी अपुरी पडते, हे वझ्झर स्पष्ट दाखवते. बालन्याय कायद्याने अठराव्या वर्षी बालगृह सुटते आणि नंतरची मदतही थोड्या वर्षांची असते. बौद्धिक अक्षमता असलेले बेवारस मूल त्या वाढदिवसाला जाणार कुठे? अशा मुलांना आजन्म तिथेच राहू द्यावे म्हणून पापळकरांनी वर्षानुवर्षे कायद्याचा आग्रह धरला, तो अगदी रास्त आहे. मात्र त्या आग्रहावरून मोठे आश्रम हाच सगळ्यांसाठीचा मार्ग आहे असा निष्कर्ष काढू नये. एका माणसाच्या विलक्षण समर्पणावर उभे राहिलेले काम शासननिर्णय काढून दुसऱ्या जिल्ह्यात उभे करता येत नाही. तिथून घेण्यासारखे आहे ते चेहऱ्यांचे सातत्य: मुलांना वर्षानुवर्षे तेच माणूस, तेच नाव मिळाले. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी चार-सहा जणांची छोटी घरे त्याच आवारात किंवा गावातच हवीत. राष्ट्रीय न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत प्रौढांसाठी अशा निवासाची कल्पना आहे, ‘समर्थ’मध्ये तात्पुरत्या निवासाची आणि ‘सहयोगी’मध्ये काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाची.

राहिला पैशाचा आक्षेप. बारा मुलांचे केंद्र धरू. सकाळी चार मावश्या, दुपारी चार, रात्री जाग्या असलेल्या दोन, म्हणजे दिवसाला दहा पाळ्या आणि आठवड्याला सत्तर. प्रत्येकीला एक दिवस सुट्टी दिली तर बारा जणी लागतात; आजारपण आणि रजा धरून चौदा. त्यांच्यावर एक परिचारिका, एक विशेष शिक्षक, एक समाजकार्यकर्ता आणि दोन स्वयंपाकिणी. खर्चातला मोठा वाटा पगारांचा आहे हे कबूल, आणि तो तसाच असायला हवा. इमारत भाड्याची चालेल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मालेगावची नगरपंचायत आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायती यांचा हा निधी एकेकटा तुटपुंजा असतो आणि बऱ्याचदा थोडी थोडी रक्कम वाटण्यात संपतो. तो एकत्र केला तरी पुरणार नाही, पण जिल्हा नियोजन समितीकडे उरलेल्या रकमेसाठी हक्काने जाता येईल. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला, तेव्हा कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा हा प्रश्नही उरलेला नाही. अंगणवाड्या आणि शाळांत तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके या मुलांपर्यंत आधीच पोहोचतात. त्यांच्याकडच्या नावांतून सर्वांत थकलेली घरे निवडणे अशक्य नाही. सुरुवात चौदा बायकांच्या निवडीने आणि सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाने व्हावी, त्यातला निम्मा काळ चालू संस्थांत मुलांसोबत जावा, आणि त्यांचा पगार विशेष शिक्षकाच्या पगाराशी तुलना करता येईल असा ठरावा. जागेचे टेंडर त्यानंतर काढले तरी चालेल.