दुखणे नसेचे, शिक्षा दाढांना

डोके दुखणे हे आपल्याकडे आजारात धरीत नाहीत. ताप असला तर अंथरूण मिळते. डोके दुखले तर फडके आवळून बांधायचे, सुंठ उगाळून लावायची आणि कामाला लागायचे. आमच्या आंबीत तरी हीच रीत आहे. तिचे मोल बायकांनाच अधिक मोजावे लागते, कारण अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटींनी अधिक जडते.

हा विषय घेण्याचे कारण माझी आत्या. तिच्या उजव्या गालात वीज चमकावी तशी कळ येई. चूळ भरताना, घास चावताना, थंडीत इंद्रायणीकडून येणारा वारा तोंडावर लागताच कळ ठरलेली. टिके काही सेकंदच. पण दिवसातून कितीतरी वेळा. दाढ किडली असेल म्हणून एक दाढ काढली. कळ थांबेना म्हणून शेजारची काढली. दाढा गेल्या, दुखणे जागच्या जागी राहिले.

या विकाराला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी नस कपाळ, गाल व जबडा अशा तीन फांद्यांनी चेहऱ्यावर पसरते. बहुतेक रुग्णांत तिच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकलेली आढळते. तिच्या ठोक्यांनी नसेवरचे आवरण झिजते, विजेच्या तारेवरचे रबर झिजावे तसे; मग साधा स्पर्शही कळ होऊन मेंदूत पोचतो. दातांच्या संवेदना याच नसेतून जातात, म्हणून रोगी बोट दाखवतो ते दाढेकडे. अभिनेता सलमान खान याने २०११ साली आपल्याला हाच विकार असल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा कोठे हे नाव आपल्या वर्तमानपत्रांतून सर्वांना दिसले.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या कळेवर फारशा चालत नाहीत. १९६२ पासून वापरात असलेले कार्बामाझेपिन चालते. ते मुळात फिटचे औषध. येथेच घोटाळा होतो : 'ही तर फिटची गोळी' असे कोणी सांगितले की घरचे घाबरून ती बंद करतात. ती मनाने बंद करू नये आणि वाढवूही नये. तिने गुंगी येते, रक्तातील सोडियम उतरू शकते, म्हणून अधूनमधून रक्त तपासावे लागते. अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषध पुरे पडेनासे झाले तर शस्त्रक्रियेने नस व रक्तवाहिनी यांच्यामध्ये एक लहानशी गादी ठेवतात.

अर्धशिशीची तऱ्हा वेगळी. सुश्रुतसंहितेतील अकरा शिरोरोगांत ती अर्धावभेदक या नावाने येते. ठणका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो, मळमळते, उजेड व आवाज नकोसा होतो. 'मला सायनस आहे' म्हणणाऱ्या पुष्कळांना वास्तविक अर्धशिशीच असते. जागरण, उपास, कडक ऊन यांनी ती उठते. परीक्षेच्या दिवसांत आपण ही तिन्ही निमंत्रणे एकदम धाडतो!

लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले, त्यामुळे आमच्या भागात प्रत्येक दुखण्यावर योग सुचवला जातो. अर्धशिशीच्या बाबतीत ही सूचना पोकळ नाही. दिल्लीच्या एम्समधील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसती औषधे घेणाऱ्यांपेक्षा औषधांच्या जोडीला योग करणाऱ्यांना अधिक आराम पडला. 'जोडीला' हा शब्द मात्र विसरू नये. नसेवर टेकलेली रक्तवाहिनी काही आसनाने बाजूला सरत नाही.

सर्वांत मोठा धोका मला दुकानातून सुट्या आणलेल्या गोळ्यांचा वाटतो. मिश्र वेदनाशामक गोळी महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, साधी गोळी पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते.

काही लक्षणांत मात्र घरी थांबूच नये : क्षणात शिगेला पोचलेली भयंकर डोकेदुखी, तापाबरोबर ताठलेली मान, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, कानशील दुखून नजर मंदावणे.

एरवी पहिले साधन भिंतीवरची दिनदर्शिका. दुधाचे खाडे मांडतो त्याच चौकटीत दुखल्याचा दिवस, वेळ आणि घेतलेली गोळी मांडावी. आत्याने दीड महिना तसे मांडले. त्यात चूळ, घास आणि वारा हीच तीन कारणे पुन्हा पुन्हा आलेली पाहून डॉक्टरांनी दाढांचा विषय सोडला आणि तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले.